दहा संयुगं, दोन खळगे : फिलाडेल्फियातल्या एका पूल-चाचणीचा अभ्यास

औषधशोधाच्या प्रयोगशाळेतली ३८४ खळग्यांची प्लास्टिकची प्लेट पोस्टकार्डापेक्षा जराशी लहान असते. सोळा ओळी, चोवीस स्तंभ. प्रत्येक खळग्यात, म्हणजे तिथल्या बोलीत प्रत्येक ‘वेल’मध्ये, थोडं एन्झाइम, त्याने तोडायचा पदार्थ आणि ज्याची परीक्षा घ्यायची त्या संयुगाचा अगदी सूक्ष्म थेंब. ज्या संयुगामुळे एन्झाइमचं काम ठरवलेल्या मर्यादेपलीकडे मंदावतं, ते ‘हिट’. सरळ रिवाज असा की एका खळग्यात एकच संयुग. चार स्तंभ तुलनेच्या नमुन्यांसाठी राखून ठेवले तर एका प्लेटवर ३२० संयुगं बसतात. ६४ हजार संयुगांसाठी २०० प्लेटा, आणि त्याही एकाच एन्झाइमसाठी. दहा एन्झाइमं तपासायची तर २,००० प्लेटा, आणि शुद्ध एन्झाइम तर थेंबाथेंबाने मोजून वापरायची वस्तू.

फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या, मॉलिक्युलर लायब्ररीज कार्यक्रमातलं एक केंद्र होतं. तिथल्या गटापुढे नेमका हाच प्रश्न होता : संयुगांचा साठा सुमारे ६४ हजारांचा, आणि तपासायला प्रोटिएझ जातीची, म्हणजे प्रथिनं तोडणारी, अनेक एन्झाइमं. त्यांनी एका खळग्यात दहा संयुगं एकत्र घातली. मात्र प्रत्येक संयुग दोनदा आलं, वेगवेगळ्या खळग्यांत आणि दोन्ही वेळा वेगळ्या नऊ सोबत्यांबरोबर. अशा एकत्र केलेल्या मिश्रणाला ‘पूल’ म्हणतात, आणि या दुहेरी मांडणीला ऑर्थोगोनल पूलिंग; या पद्धतीचं त्यांनी केलेलं मूल्यमापन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. या लेखात मी त्या आखणीचं गणित उलगडून दाखवतो. त्यांचे निकाल मी इथे पुन्हा देत नाही. खालची आकडेमोड माझी आहे, गृहीतकं जागोजागी सांगून केलेली, म्हणजे वाचणाऱ्याला ती स्वतः ताडून पाहता येईल.

कल्पना जुनी, सैन्यभरतीतली

शितावरून भाताची परीक्षा आपल्या घरात रोज होते. पूलिंगमध्ये नेमकं उलट करायचं असतं : सगळी शितं एकदम चाखायची, आणि चव बिघडलेली वाटली तरच एकेक शीत वेगळं काढायचं. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट डॉर्फमन यांनी १९४३ मध्ये अमेरिकी सैन्यात दाखल होणाऱ्या तरुणांच्या सिफिलिस चाचणीसाठी हे गणित मांडलं. अनेकांच्या रक्ताचे नमुने एकत्र करून एकच चाचणी करायची. ती निगेटिव्ह आली तर सगळे सुटले, पॉझिटिव्ह आली तरच प्रत्येकाची वेगळी चाचणी. शंभरात एकाला रोग असेल तर अकरा-अकराचे गट सर्वांत फायद्याचे, आणि चाचण्या जवळपास ८० टक्क्यांनी वाचतात. रोगाचं प्रमाण दहा टक्क्यांवर गेलं की चारचा गट उत्तम ठरतो, पण बचत ४१ टक्क्यांवर येते. पूलिंगचा सगळा जीव दुर्मीळपणात आहे.

हे आपल्याकडेही नवं नाही. २०२० मध्ये कोविडच्या सुरुवातीला आयसीएमआरने कमी लागण असलेल्या भागांत जास्तीत जास्त पाच नमुने एकत्र तपासायची मुभा दिली होती. आयआयटी मुंबईतल्या गटाने टॅपेस्ट्री नावाची पद्धत बांधली. तिच्यात प्रत्येक नमुना तीन वेगवेगळ्या पूलमध्ये जातो, आणि पूलमधलं विषाणूचं प्रमाण वापरून गणिताने बाधित नमुना ओळखला जातो. पण घशातल्या नमुन्यांच्या पूलमध्ये मुख्य अडचण पातळ होण्याची असते. एकाचा विषाणू दुसऱ्याच्या विषाणूला सहसा लपवत नाही. संयुगांचं तसं नाही. तिथे अडचण संगतीची असते.

ओळ आणि स्तंभ

शंभर संयुगं दहा गुणिले दहाच्या चौकोनात मांडा. प्रत्येक ओळीतल्या दहांचं एक मिश्रण, प्रत्येक स्तंभातल्या दहांचं एक मिश्रण. शंभरांसाठी वीस खळगे. चौथी ओळ आणि सातवा स्तंभ पेटला, म्हणजे त्यांच्या खळग्यांत एन्झाइम मंदावलेलं दिसलं, तर जिथे ते छेदतात ते संयुग आपलं. ओळीतले सोबती आणि स्तंभातले सोबती यांच्यात दुसरं एकही नाव सामाईक नसतं. पुढच्या सगळ्या युक्तिवादाला या गोष्टीचा आधार आहे.

६४ हजारांसाठी असे ६४० चौकोन, म्हणजे १२,८०० खळगे, म्हणजे ४० प्लेटा. दोनशेच्या जागी चाळीस.

आता तोतये. एका चौकोनात दोन हिट असतील, आणि ते वेगळ्या ओळींत, वेगळ्या स्तंभांत असतील, तर दोन ओळी आणि दोन स्तंभ पेटतात. छेद होतात चार : दोन खरे, दोन तोतये. हिटचं प्रमाण ०.५ टक्के धरलं तर शंभरांच्या चौकोनात एकही हिट नसण्याची शक्यता सुमारे ६१ टक्के, नेमका एक असण्याची ३०, आणि दोन किंवा जास्त असण्याची ९ टक्के. सगळ्या साठ्यात ३२० खऱ्या हिटमागे सुमारे १२४ तोतये येतील. हे परवडतं. प्रमाण एक टक्का झालं की ६४० खऱ्यांमागे सुमारे ४७५ तोतये. तीन टक्के झालं तर १,९२० खऱ्यांमागे साडेतीन हजारांहून जास्त तोतये, म्हणजे यादीतली बहुतेक नावं खोटी. म्हणून हिटची मर्यादा किती कडक ठेवायची, हे पूलिंगमध्ये फक्त रसायनतज्ज्ञाच्या पसंतीने ठरवता येत नाही. मर्यादा सैल केली की हिटचं प्रमाण वाढतं, आणि तोतये त्या प्रमाणाच्या जवळपास वर्गाने वाढतात.

इथे एक प्रामाणिक हिशेब मांडायलाच हवा, कारण ऑर्थोगोनल पद्धतीची भलामण करताना तो सहसा गाळला जातो. खळगेच मोजायचे तर साधी डॉर्फमन पद्धत जास्त स्वस्त आहे. दहांचे ६,४०० पूल, ०.५ टक्के प्रमाणाला त्यातले सुमारे ३१३ पेटणार, त्यातली ३,१३० संयुगं एकेक तपासायची. एकूण साडेनऊ हजार चाचण्या. ऑर्थोगोनलमध्ये १२,८०० अधिक छेदांवरची ४४४, म्हणजे सव्वातेरा हजार. मग दोन खळग्यांचा खर्च का करायचा?

पहिलं कारण हाताशी असलेल्या कामाचं आहे. तयार मिश्रणाच्या प्लेटा यंत्रमानव झरझर भरतो. पण शीतकपाटातल्या शेकडो प्लेटांमधून एक इथून, एक तिथून अशी ३,१३० संयुगं वेचून काढणं वेळखाऊ असतं, आणि बाटल्या पुन्हा पुन्हा वितळवाव्या लागतात. वेचायची ४४४ असतील तर कामाचं स्वरूपच बदलतं. दुसरं कारण गोंगाटाचं. निव्वळ यांत्रिक चुकीने दोन टक्के खळगे खोटे पेटतात असं धरा. डॉर्फमनमध्ये त्यातून १२८ खोटे पूल आणि १,२८० फुकटच्या चाचण्या उभ्या राहतात. ऑर्थोगोनलमध्ये एखादं निरपराध संयुग निव्वळ गोंगाटाने यादीत यायला दोन्ही खळगे एकदमच चुकावे लागतात.

संगतीचा गुण

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ मिश्रणाच्या चाचणीचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. डॉर्फमनचं गणित एक गोष्ट न बोलता धरून चालतं : पूल पॉझिटिव्ह असतो तो त्यात किमान एक पॉझिटिव्ह असेल तरच, आणि तसा एक असेल तर नक्कीच. रक्तासाठी हे बहुतांशी चालून जातं. दहा रसायनं एकाच थेंबात कोंबली की ही दोन्ही कलमं मोडतात.

पहिलं कलम कसं मोडतं ते आधी पाहू. दहांपैकी एकही हिट नाही, पण प्रत्येक जण एन्झाइमला जेमतेम पाच टक्के अडवतो. ९५ टक्के काम शिल्लक राहतं. दहांनी स्वतंत्रपणे असं केलं तर शिल्लक काम ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६०. खळग्यात ४० टक्के अडथळा दिसतो, आणि त्यात हिट कुणीच नाही. सगळी एकाच जागेवर बसायला भांडत असतील तर आकडा ३५ च्या आसपास येतो, पण गोष्ट तीच. त्यात एकूण तीव्रतेची भर. साठ्यातली संयुगं डीएमएसओ या द्रावकात साधारणपणे १० मिलिमोलर तीव्रतेला विरघळवून ठेवलेली असतात. दहा बाटल्यांतलं समान द्रावण एकत्र केलं की प्रत्येकाची तीव्रता १ मिलिमोलर होते. हे मिश्रण खळग्यात एक टक्का घातलं तर प्रत्येक संयुग १० मायक्रोमोलर, पण एकूण रसायन १०० मायक्रोमोलर. एवढ्या गर्दीत न विरघळणारी संयुगं गोळा होऊन सूक्ष्म गुठळ्या करतात, आणि त्या गुठळ्यांना एन्झाइम चिकटून निकामी होतं. ब्रायन शॉइशेट यांच्या गटाने या गुठळ्यांवर बरंच काम केलं, आणि २००६ मध्ये मिश्रणांमधला हाच प्रश्न हाताळताना दाखवलं की मिश्रणात हा परिणाम एकमेकांच्या साथीने वाढूही शकतो आणि एकमेकांमुळे दबूही शकतो. द्रावणात ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट ०.०१ टक्के घातलं की यातल्या बऱ्याच गुठळ्या फुटतात. एवढा स्वस्त उपाय चाचणीच्या पहिल्या दिवसापासून असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

दुसरं कलम मोडतं तेव्हा जास्त नुकसान होतं, कारण ते दिसत नाही. खळग्यात खरा हिट आहे, पण सोबत्यांपैकी कुणीतरी त्याला झाकतं. हे झाकणं कसं होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. कॅथेप्सिनसारख्या प्रोटिएझची चाचणी बहुधा प्रकाशावर चालते : एन्झाइमने पदार्थ तोडला की त्यातून सुटलेला एएमसी हा रेणू निळा चमकतो. चमक कमी म्हणजे एन्झाइम अडलं. आता दहांपैकी एखादं संयुग स्वतःच निळं चमकणारं असेल तर ते हिटने केलेला अंधार भरून काढतं आणि खळगा निरोगी दिसतो. यावर इलाज म्हणजे एकदाच चमक न मोजता दर मिनिटाला मोजून तिचा चढ पाहायचा. संयुगाची स्वतःची चमक स्थिर राहते, चढ फक्त एन्झाइमचा. पण झाकणारा रासायनिक असेल तर ही युक्ती लागू पडत नाही. अमाइन आणि अल्डिहाइड या दोन जातींची संयुगं एकाच बाटलीत महिनोन् महिने ठेवले तर ते एकमेकांशी जोडले जातात आणि दोघांपैकी कुणीच मूळ रूपात उरत नाही. म्हणून १९९९ मध्ये ग्लॅक्सो वेलकम या औषध कंपनीच्या गटाने पूल बांधतानाच प्रतिक्रियाशील गट वेगळे ठेवण्याची पद्धत मांडली होती.

सांख्यिकीत या झाकणाऱ्यांना ‘ब्लॉकर’ म्हणतात. २००१ मध्ये शिए, टाटसुओका, सॅक्स आणि यंग यांनी ब्लॉकर आणि परस्परवर्धन दोन्ही धरून गट-चाचणीचं प्रतिमान मांडलं. माझ्या मते डॉर्फमनचं गणित रक्तपेढीतून रसायनशाळेत खऱ्या अर्थाने आलं ते तेव्हा.

बिनजोडीचे खळगे

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा ही.

ऑर्थोगोनल पद्धतीचा नेहमीचा नियम असा की ओळ आणि स्तंभ दोन्ही पेटले तरच छेदावरचं संयुग पुढे घ्यायचं. ओळ पेटली पण तिला छेदणारा एकही स्तंभ पेटला नाही, तर तो खळगा बिनजोडीचा, म्हणून बाद. एका विश्लेषणात मी स्वतः असे खळगे ‘असंगत’ असा शिक्का मारून बाजूला काढलेले पाहिले आहेत. पुढे त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

आता ब्लॉकरचा हिशेब करू. शंभर संयुगांत एक ब्लॉकर आहे असं धरा. एका खळग्यात हिटच्या नऊ सोबत्यांपैकी कुणीच ब्लॉकर नसण्याची शक्यता ०.९९ चा नववा घात, म्हणजे ९१ टक्क्यांच्या थोडं वर. दोन्ही खळगे ब्लॉकरमुक्त असण्याची ८३ टक्क्यांच्या थोडं वर. म्हणजे ‘दोन्ही पेटलेच पाहिजेत’ या नियमाने शंभरातले सोळा-सतरा खरे हिट हातचे जातात. साध्या डॉर्फमन पद्धतीत नऊच गेले असते! दुसरा खळगा खात्रीसाठी घेतला, आणि कडक नियमामुळे त्याच खळग्याने जास्त हिट गमावले.

पण ते गेले कुठे? दोन्ही खळग्यांत झाकले गेलेले हिट शंभरात एकही भरत नाहीत. उरलेले सुमारे सोळा एका खळग्यात स्पष्ट दिसलेले असतात. ते सगळे बिनजोडीच्या ढिगात बसलेले आहेत.

तो ढीग उघडायला किती खर्च येतो तेही पाहू. ३२० हिटपैकी सुमारे ५१ त्या ढिगात. दोन टक्के यांत्रिक चुकीने २५६ खोटे खळगे. एकूण साधारण ३०७. थेट प्रत्येकातली दहा-दहा संयुगं तपासायची म्हटलं तर तीन हजारांवर चाचण्या, आणि कुणीही हात आखडता घेईल. पण आधी तेच ३०७ मिश्रण-खळगे जसेच्या तसे पुन्हा एकदा चालवून पाहिले, तर यांत्रिक चुकीचे बहुतेक गळतील आणि पाच-सहाच उरतील. मग ५६ खळग्यांतली ५६० संयुगं एकेक. दोन्ही मिळून ८६७ चाचण्या, म्हणजे तीन प्लेटांत मावणारं काम, आणि त्यात ५१ हिट परत मिळतात. ४० प्लेटांच्या प्रयोगाला तीन प्लेटांची जोड.

या हिशेबातली कच्ची बाजू मला ठाऊक आहे. गुठळ्यांचे आणि दुबळ्यांच्या गर्दीचे खळगे दुसऱ्यांदाही पेटतीलच, कारण त्यांची चूक यांत्रिक नाही. पण ते इथे येऊन पडतात हीच आखणीची ताकद आहे. ओळीतली दहा दुबळी संयुगं स्तंभांमध्ये पुन्हा एकत्र येत नाहीत, दहा दिशांना पांगतात. त्यामुळे गर्दीने पेटलेला खळगा बिनजोडीचाच राहतो आणि मुख्य यादी त्याने मळत नाही. बिनजोडीच्या ढिगात तीन वेगळ्या प्रकारची माणसं बसलेली आहेत : झाकले गेलेले खरे हिट, गर्दीने पेटलेले, आणि निव्वळ योगायोगाने पेटलेले. तिघांना एकाच शिक्क्याखाली फेकणं मला मान्य नाही.

याहून बारीक पद्धतीही आहेत. होय-नाही न म्हणता शिल्लक कामाचा लॉग घेतला तर स्वतंत्र परिणामांची बेरीज होते, आणि प्रत्येक खळगा एक समीकरण बनतो. वीस समीकरणं, शंभर अज्ञातं. बहुतेक अज्ञातं शून्य आहेत हे धरूनच ती सुटतात. जॅकलिन ह्यूजेस-ऑलिव्हर, स्टॅन्ली यंग आणि सहकाऱ्यांनी रासायनिक रचनेचीही मदत घेतली : पेटलेल्या पूलमधला खरा कोण हे ठरवताना इतर पेटलेल्या पूलमध्ये त्याच्यासारखी दिसणारी संयुगं किती आहेत ते पाहायचं. बिनजोडीच्या खळग्यांना हा उपाय विशेष लागू पडतो. पण आधी ते खळगे जपून ठेवलेले असावे लागतात.

बाटलीपर्यंतच

याच केंद्राच्या कॅथेप्सिन-एलच्या कामात पुढे जे घडलं ते २००८ मध्येच प्रसिद्ध झालं. कॅथेप्सिन-एल हे पेशीतलं प्रोटिएझ. सार्स आणि इबोलाचे विषाणू पेशीत शिरताना त्याचा वापर करतात. एनआयएचच्या साठ्यातले काही ऑक्साडायझोल जातीचे नमुने त्याच्यावर जोरदार हिट ठरले. रसायनतज्ज्ञांनी तीच संयुगं नव्याने, शुद्ध स्वरूपात बनवली. शुद्ध संयुगांनी एन्झाइमला काहीच केलं नाही.

मग त्यांनी साठ्यातले मूळ नमुने एलसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, चढवले. नोंदवलेल्या संयुगाबरोबर त्यात इतर अशुद्धी होत्या. संशयितांपैकी एकेक बनवून तपासल्यावर खरा करणारा सापडला : थायोकार्बाझेट. बहुधा ऑक्साडायझोलचं कडं उघडून तो तयार झाला होता, आणि तो नॅनोमोलर पातळीवर, म्हणजे अगदी कमी तीव्रतेलाही, कॅथेप्सिन-एल अडवत होता. या जातीचा कॅथेप्सिन-एल रोधक त्याआधी कुणालाच माहीत नव्हता.

पूलिंगच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ सरळ आहे. नमुन्यातली अशुद्धी नमुन्याबरोबर ओळीच्या खळग्यातही जाते आणि स्तंभाच्या खळग्यातही जाते. दोन्ही पेटतात, छेद नेमका मिळतो, कुठलाही सांख्यिकीय निकष शंका घेत नाही. दोन खळग्यांची आखणी आपल्याला बाटलीपर्यंत आणून सोडते. बाटलीच्या आतही एक मिश्रण असू शकतं, आणि त्याची ओळ-स्तंभ मांडणी कुणी केलेली नसते.

त्या थायोकार्बाझेटवरून त्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी पुढे त्याचा ऑक्सोकार्बाझेट भाऊबंद बनवला. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की तो सार्स आणि इबोलाचं आवरण चढवलेल्या नमुना-विषाणूंना मानवी पेशींत शिरू देत नाही.